‘ब्रेन डेड’ म्हणजे नेमकं काय? आयसीयूबाहेर बसलेल्या कुटुंबाला समाज म्हणून आपण काय आधार देऊ शकतो

रात्रीचे दोन वाजलेले असतात. आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर अम्मी तसबीह घेऊन बसलेली असते. अब्बा एकदा नमाजला उभे राहतात, एकदा काउंटरवर बिलाची चौकशी करून येतात. धाकटा भाऊ गावाकडच्या चाचांना फोनवर सांगत असतो, “अजून डॉक्टर काही बोलले नाहीत, दुआ करा.” दोन दिवसांपूर्वी हायवेवर मोटारसायकल घसरली, डोक्याला जबर मार बसला, तेव्हापासून घरातला कर्ता मुलगा व्हेंटिलेटरवर आहे.

सकाळी डॉक्टर सगळ्यांना आत बोलावतात आणि सांगतात, “तो ब्रेन डेड आहे.” अम्मी काचेतून पाहते. मुलाची छाती वरखाली होतेय. हात लावला तर हात गरम आहे. मॉनिटरवर ठोके चालू आहेत. मग हे लोक ‘डेड’ कशाला म्हणतायत? या धक्क्यातून सावरण्याआधीच पुढचा प्रश्न येतो, “तुम्ही अवयवदानाचा विचार कराल का?”

हा प्रसंग एका घराचा नाही. अपघात, मेंदूतला रक्तस्राव, मेंदूची गाठ अशा कारणांनी महाराष्ट्रातल्या कितीतरी कुटुंबांवर ही वेळ येते. त्यात मुस्लिम कुटुंबांसमोर आणखी काही प्रश्न एकाच वेळी उभे राहतात. शरियत काय सांगते? मय्यतीची विटंबना तर होणार नाही ना? दफनविधीला उशीर झाला तर? मोहल्ल्यातले लोक काय म्हणतील? उत्तर शोधायला हातात जेमतेम काही तास असतात आणि डोकं चालत नसतं.

या लेखात आम्ही कोणताही फतवा देणार नाही. ते आमचं काम नाही, आमचा तो अधिकारही नाही. ‘हो म्हणा’ किंवा ‘नाही म्हणा’ असंही आम्ही सांगणार नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे की हा प्रश्न पहिल्यांदा आयसीयूच्या दारात ऐकण्याची पाळी कोणावर येऊ नये. आणि ज्यांच्यावर ती वेळ आलीच, त्यांनी काहीही उत्तर दिलं तरी ते एकटे पडू नयेत. त्यासाठी काही गोष्टी आधीच समजून घेणं गरजेचं आहे.

कोमा वेगळा, ब्रेन डेथ वेगळी

सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. “अमक्याचा मुलगा सहा महिने कोमात होता, नंतर उठून बसला” ही गोष्ट आयसीयूबाहेर कोणीतरी सांगतंच. गोष्ट खरीही असू शकते. पण कोमातल्या माणसाचा मेंदू जिवंत असतो, जखमी असतो. तो बरा होऊ शकतो किंवा होतही नाही.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांचं उदाहरण आपल्याकडे नेहमी दिलं जातं. १९७३ मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये निधन होईपर्यंत, म्हणजे तब्बल ४२ वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या. पण त्या ब्रेन डेड नव्हत्या. त्यांचा श्वास त्यांचा स्वतःचा चालू होता, कारण मेंदूचा खालचा देठासारखा भाग, म्हणजे मस्तिष्कस्तंभ, काम करत होता.

ब्रेन डेथमध्ये हाच मस्तिष्कस्तंभ कायमचा बंद पडतो. श्वास घ्यायचा हुकूम तिथूनच सुटतो. तो हुकूम थांबला की माणूस स्वतःहून एकही श्वास घेऊ शकत नाही. छाती वरखाली होते ती मशीन हवा ढकलतं म्हणून. हृदयाची गोष्ट वेगळी आहे. हृदयाला स्वतःची वीज असते, त्यामुळे ऑक्सिजन मिळत राहिला तर ते मेंदूच्या हुकुमाशिवायही काही तास, कधी काही दिवस धडधडत राहतं. रक्त फिरतं म्हणून अंग गरम लागतं. पण यातून परतीचा रस्ता नसतो. उपचार कितीही वाढवले तरी शेवटी हृदयही थांबतं.

आणखी एक गोष्ट घरच्यांना आधी सांगितली पाहिजे. ब्रेन डेथनंतरही कधी कधी हात किंवा पाय हलल्यासारखा दिसतो. ही हालचाल पाठीच्या कण्यातून होते, तिचा मेंदूशी संबंध नसतो. हे कोणी सांगितलेलं नसेल तर बिचारी आई ओरडते, “हलला, माझा मुलगा हलला!” आणि त्यानंतर डॉक्टरांच्या एकाही शब्दावर तिचा विश्वास बसत नाही. त्यात तिची काही चूक नाही. चूक आहे ती समजावून न सांगणाऱ्यांची.

हे ठरवतं कोण?

एका डॉक्टरने येऊन ‘ब्रेन डेड’ म्हटलं म्हणजे झालं, असं नाही. भारतात मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ मध्ये झाला. २०११ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि २०१४ मध्ये नवे नियम आले. या कायद्यानुसार चार डॉक्टरांच्या मंडळाने ब्रेन डेथ प्रमाणित करावी लागते. त्यात रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर, मान्यताप्राप्त यादीतले एक स्वतंत्र तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूचे शल्यविशारद आणि रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर असतात. मेंदूचे तज्ज्ञ उपलब्ध नसतील तर त्यांच्या जागी मान्यताप्राप्त यादीतले फिजिशियन, सर्जन, भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षता तज्ज्ञ चालतात. अवयव काढणाऱ्या पथकातल्या डॉक्टरला या मंडळात बसता येत नाही.

चाचण्या एकदा नाही, दोनदा होतात. दोन्हींमध्ये किमान सहा तासांचं अंतर ठेवावं लागतं. त्याआधी झोपेच्या किंवा भुलीच्या औषधांचा असर, शरीराचं उतरलेलं तापमान, रक्तातले बिघाड यांमुळे रुग्ण असा दिसत नाही ना, याची खात्री केली जाते. मग डोळ्यांवर प्रकाश टाकून बाहुल्या आकसतात का ते बघतात. डोळ्याच्या बुबुळाला हलका स्पर्श करतात, कानात थंडगार पाणी सोडतात, घशात नळी हलवून खोकला येतो का ते पाहतात. शेवटची चाचणी श्वासाची. ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटर काही मिनिटं बाजूला करतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की जिवंत मस्तिष्कस्तंभ श्वास घ्यायला लावतोच. तेव्हाही श्वास आला नाही, आणि सहा तासांनी पुन्हा तेच दिसलं, तरच सह्या होतात.

कुटुंबाला हे सगळं विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. “पहिली चाचणी कधी झाली? दुसरी कधी? चार डॉक्टर कोण?” असं विचारलं म्हणजे डॉक्टरांवर संशय घेतला असं होत नाही. कुटुंबातल्या एखाद्या व्यक्तीला श्वासाची चाचणी बघू द्या, अशी विनंतीही करता येते. ती मान्य करणं रुग्णालयावर असतं, पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट माणसाला पटते.

हा प्रश्न आम्हालाच का विचारला?

बरेच नातेवाईक दुखावतात ते इथे. “मुलगा गेला आणि यांना किडनीचं पडलंय!” असं मनात येणं साहजिक आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. २०११ च्या दुरुस्तीनंतर आयसीयूतल्या डॉक्टरांनी प्रत्यारोपण समन्वयकाच्या मदतीने कुटुंबाला अवयवदानाच्या पर्यायाची माहिती देणं ही कायद्याने आलेली जबाबदारी आहे. धर्म, जात, पैसा बघून हा प्रश्न विचारला जात नाही. उलट “हे मुस्लिम आहेत, नाहीच म्हणतील” असं गृहीत धरून विचारलंच नाही, तर तो आपल्यावरचा अन्याय ठरेल.

प्रश्न विचारण्याची रीत मात्र असते. आधी मृत्यूची बातमी स्पष्ट शब्दांत सांगायची. मग कुटुंबाला रडायला, एकमेकांना सावरायला वेळ द्यायचा. त्यानंतर, शांत खोलीत, बसून, अवयवदानाविषयी बोलायचं. प्रत्यारोपण समन्वयक हे प्रशिक्षण घेतलेले लोक असतात आणि नोंदणीकृत रुग्णालयात त्यांची नेमणूक बंधनकारक आहे. पॅसेजमध्ये उभ्याउभ्या, चार लोकांसमोर कोणी हा प्रश्न विचारला, तर “आम्हाला समन्वयकांशी बसून बोलायचं आहे” असं सांगा. “आम्हाला इमाम साहेबांना बोलवायचं आहे, थोडा वेळ द्या” असंही सांगा. समजदार समन्वयक याला कधी नाही म्हणणार नाही.

‘नाही’ म्हणण्याचाही तुम्हाला पूर्ण हक्क आहे. नकार दिला म्हणून रुग्णाच्या किंवा कुटुंबाच्या वागणुकीत फरक पडता कामा नये. नकार दिल्यावर व्हेंटिलेटर आणि औषधांचं पुढे काय होणार, बिल कसं लागणार, हे मात्र डॉक्टरांना तेव्हाच स्पष्ट विचारून घ्या. नाहीतर पुढचे दोन दिवस अंधारात जातात.

शरियतचं काय?

इथे आम्हाला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे की उलेमांमध्ये एकमत नाही. जे लोक “इस्लाममध्ये हे सरळ हराम आहे” म्हणतात, ते अर्धी गोष्ट सांगतात. जे “इस्लामने परवानगी दिलेलीच आहे, विषय संपला” म्हणतात, तेही अर्धीच सांगतात.

परवानगीच्या बाजूने मोठी नावं आहेत. सौदी अरेबियाच्या वरिष्ठ उलेमा मंडळाने १९८२ मध्ये मृत व्यक्तीचा अवयव गरजू रुग्णासाठी घेण्यास मान्यता दिली. इस्लामी देशांच्या संघटनेशी जोडलेल्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने १९८६ मध्ये अम्मान इथल्या अधिवेशनात, मेंदूची सर्व कार्यं कायमची थांबली आणि तज्ज्ञांनी तसा निर्वाळा दिला तर तो मृत्यू मानण्याचा ठराव केला. त्याच अकादमीने १९८८ मध्ये जेद्दाह इथे मृत्यूपश्चात अवयव देण्यास सशर्त परवानगी दिली. त्या व्यक्तीने जिवंतपणी संमती दिलेली असावी किंवा मृत्यूनंतर वारसांनी द्यावी आणि अवयवाची खरेदी-विक्री अजिबात नसावी, या त्यातल्या महत्त्वाच्या अटी. आज सौदी अरेबिया, तुर्की, इराण, कुवेत या देशांमध्ये मृत्यूपश्चात अवयवदान चालतं. २०२१ मध्ये सौदीचे राजे सलमान आणि युवराज मोहम्मद बिन सलमान यांनी स्वतःची नावं दाते म्हणून नोंदवली. या बाजूचे उलेमा एक जीव वाचवण्याचं मोल सांगणाऱ्या सूरह माइदातील आयतीकडे, आणि जीव धोक्यात असताना मनाई सैल होते या फिकहच्या तत्त्वाकडे बोट दाखवतात.

दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे, आणि आपल्या उपखंडात तिचा प्रभाव जास्त आहे. पाकिस्तानचे मुफ्ती मोहम्मद शफी यांनी अवयव प्रत्यारोपणाला विरोध केला होता. दारुल उलूम देवबंदच्या दारुल इफ्ताची भूमिकाही विरोधाचीच राहिली आहे. भारताच्या इस्लामिक फिकह अकादमीने १९८९ च्या आपल्या पहिल्या परिसंवादात जिवंत व्यक्तीने जवळच्या रुग्णाला किडनी देण्याला अटींसह वाट दिली. पण मृत्यूनंतर अवयव द्यावेत अशी वसियत शरई वसियत मानता येणार नाही, असं म्हटलं. या उलेमांचं म्हणणं असं की शरीर ही अल्लाहची अमानत आहे, आपण तिचे मालक नाही, मग ते देऊन टाकण्याचा अधिकार कुठून येतो? मय्यतीच्या देहाला इजा करण्यास मनाई करणारी हदीसही ते पुढे ठेवतात.

तिसरा एक बारीक मुद्दा आहे. अवयवदान जायज मानणाऱ्यांपैकीही काही उलेमा हृदय थांबेपर्यंत मृत्यू झाला असं मानत नाहीत. मक्केच्या राबिता-ए-आलम-ए-इस्लामीच्या फिकह परिषदेने १९८७ मध्ये ब्रेन डेथनंतर व्हेंटिलेटर काढण्यास परवानगी दिली, पण शरई मृत्यू मात्र श्वास आणि हृदय पूर्ण थांबल्यावरच धरावा असं सांगितलं.

मग सामान्य माणसाने काय करावं? ज्या आलिमांवर तुमचा विश्वास आहे त्यांना विचारावं, आणि आजच विचारावं. रात्री दोन वाजता आयसीयूबाहेरून फोन करून नव्हे. विचारताना प्रश्नही नीट विचारावा. “अवयवदान जायज आहे का?” एवढंच विचारलं तर उत्तर अर्धवट मिळतं. “ब्रेन डेथ हा मृत्यू आहे का? वारसांची संमती चालते का? हृदय थांबल्यानंतर फक्त डोळ्यांचा पारदर्शक पडदा दिला तर? व्हेंटिलेटर काढण्याविषयी काय?” असे वेगवेगळे प्रश्न विचारावेत.

इमाम आणि मौलाना साहेबांनाही आमची एक विनंती आहे. ब्रेन डेथची तपासणी कशी होते हे जवळच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांकडून एकदा समजून घ्या. मत तुमचं जे असेल ते असो, पण ते ऐकीव माहितीवर बेतलेलं नसावं.

मय्यत, गुस्ल आणि दफनविधी

फतव्याइतकीच काळजी लोकांना या गोष्टींची असते. म्हणून एकेक करून सांगतो.

*देहाचं काय होतं?* अवयव ऑपरेशन थिएटरमध्ये, इतर शस्त्रक्रियांसारखेच काढले जातात आणि जखम टाके घालून बंद केली जाते. देह कुटुंबाच्या ताब्यात दिला जातो. चेहरा तसाच राहतो, दीदार करता येतो. गुस्ल, कफन, जनाजा सगळं होतं. पोस्टमॉर्टेम झालेल्या मय्यतीला हलक्या हाताने गुस्ल देण्याचा अनुभव आपल्याकडच्या गुस्ल देणाऱ्यांना असतोच, इथेही तशीच काळजी घ्यावी लागते. टाक्यांवर पाणी न शिरणारी पट्टी लावून द्या, असं रुग्णालयाला आधीच सांगून ठेवा.

*किती उशीर होतो?* संमतीनंतर रक्ताच्या तपासण्या, यादीतला योग्य रुग्ण शोधणं, वेगवेगळ्या रुग्णालयांची पथकं येणं, मग शस्त्रक्रिया. साधारण अर्धा ते एक दिवस धरून चालावं, कधी जास्तही लागतो. हे आधी माहीत असेल तर कब्रस्तानची वेळ, गावाहून येणारी माणसं यांचं नियोजन करता येतं. उशीर मान्य नसेल तर तसं स्पष्ट सांगा. किती तास थांबू शकतो हे संमती देतानाच बोलून घ्या.

*अपघाताची केस असेल तर?* पोलीस पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम तर होणारच, अवयवदान केलं किंवा नाही केलं तरी. पण अवयव काढतेवेळीच पोस्टमॉर्टेम करण्याची सोय नियमांमध्ये आहे. नोव्हेंबर २०२१ पासून केंद्र सरकारने सोय असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतरही पोस्टमॉर्टेम करायला परवानगी दिली आहे. खून, आत्महत्या, बलात्कार, संशयास्पद मृत्यू अशी प्रकरणं मात्र त्यातून सर्वसाधारणपणे वगळली आहेत. लवकर दफन करण्याची आपली रीत बघता ही माहिती प्रत्येक मोहल्ल्यात असायला हवी, अवयवदानाचा विषय नसला तरी.

*पैसे लागतात का?* संमतीनंतर देह सांभाळण्याचा, अवयव काढण्याचा आणि नेण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबावर टाकता येत नाही. त्याआधीच्या उपचारांचं बिल मात्र वेगळं असतं. कुठल्या वेळेपासून खर्च आमच्यावर नाही, हे लिहून मागा.

*पैसे मिळतात का?* नाही. मागायचेही नाहीत, कोणी देऊ केले तर घ्यायचेही नाहीत. अवयवाची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. त्याला पाच ते दहा वर्षं कैद आणि २० लाख ते एक कोटी रुपये दंड आहे. किडनी रॅकेटच्या बातम्या आपण वाचतो, त्या बहुतेक वेळा जिवंत माणसाला पैसे देऊन किडनी घेण्याच्या असतात. मृत्यूपश्चात मिळालेला अवयव मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांच्या यादीतून जातो. रक्तगट, प्रतीक्षेचा काळ, रुग्णाची अवस्था असे निकष तिथे लागतात. कोणाचा अवयव कोणाला गेला ते दोन्ही कुटुंबांना सांगितलं जात नाही.

*मृत्यूची वेळ कोणती?* हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, पण महत्त्वाचा आहे. पत्नीची इद्दत, वारसा, विमा या सगळ्यांचा त्याच्याशी संबंध येतो. दाखल्यावर कोणती वेळ लिहिली जाणार ते डॉक्टरांना विचारा आणि इद्दत कुठून धरायची ते आलिमांना विचारा.

*हृदय थांबल्यावर काही देता येतं का?* हो. डोळ्यांचा पारदर्शक पडदा मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत देता येतो, घरी मृत्यू झाला असला तरी. नेत्रपेढीचं पथक घरी येतं, काम वीस मिनिटांच्या आसपास होतं आणि दफनविधीला फारसा उशीर होत नाही. पथक येईपर्यंत पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी द्यावी. ज्या कुटुंबांची शंका फक्त ब्रेन डेथबद्दल आहे, त्यांनी या पर्यायाबद्दल आपल्या आलिमांना आवर्जून विचारावं.

बाकड्याच्या दुसऱ्या टोकालाही एक कुटुंब असतं

त्याच रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर डायलिसिस विभाग असतो. तिथे आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चार तास मशीनला जोडून बसलेले लोक असतात. त्यांत आपलेही भाऊबहीण असतात. कोणाची दुकानातली नोकरी सुटलेली असते, कोणाच्या मुलीची शाळेची फी थकलेली असते. घरात किडनी जुळत नाही, किंवा आईची एक किडनी आधीच देऊन झालेली असते. लिव्हर किंवा हृदयाची वाट बघणाऱ्यांकडे तर डायलिसिससारखं मशीनही नसतं.

२०२३ मध्ये भारतात १८,३७८ अवयव प्रत्यारोपणं झाली. दहा वर्षांपूर्वी, २०१३ मध्ये हा आकडा ४,९९० होता. वाढ मोठी आहे, पण त्यातले बहुतेक अवयव जिवंत नातेवाइकांनी दिलेले असतात. मृत्यूपश्चात दाते २०२३ मध्ये १,०९९ होते. १४० कोटींच्या देशात दर दहा लाख लोकांमागे एकसुद्धा नाही. एक दाता हृदय, दोन फुप्फुसं, लिव्हर, दोन किडन्या, स्वादुपिंड आणि आतडं असे आठपर्यंत अवयव देऊ शकतो.

हे आकडे आम्ही कोणाला लाजवण्यासाठी देत नाही. पण एक प्रश्न आपण स्वतःला विचारलाच पाहिजे. आपल्या घरातल्या माणसाला गरज पडली तेव्हा आपण यादीत नाव घालतो. तेव्हा अवयव कुठून येतो, कोणत्या आईच्या ‘हो’मधून येतो, याचा विचार आपण केलाय का? जे उलेमा नाही म्हणतात त्यांच्याशीही हा प्रश्न अदबीने बोलण्यासारखा आहे.

समाज म्हणून आपण काय करू शकतो?

आयसीयूबाहेर गर्दी करणं म्हणजे आधार देणं नव्हे. तीस जण जमतात, प्रत्येक जण वेगळी सूचना देतो आणि ज्याचा मुलगा गेलाय त्या बापाला श्वास घ्यायलाही जागा उरत नाही. त्यापेक्षा ही कामं वाटून घ्या.

- डॉक्टरांशी बोलायला कुटुंबातला एक शांत माणूस ठरवा. त्याने वहीत वेळ आणि डॉक्टरांनी सांगितलेलं लिहून ठेवावं. बाकीच्यांनी त्यालाच विचारावं.
- निर्णय जवळच्या नातेवाइकांचा असतो: पती किंवा पत्नी, आई-वडील, मुलं, भाऊ-बहीण. बायकांना घरी बसवून बाहेर पुरुषांनीच ठरवू नये. पत्नीला आणि आईला डॉक्टरांकडून स्वतः ऐकू द्या, त्यांना प्रश्न विचारू द्या.
- इमाम साहेबांना किंवा भरवशाच्या आलिमांना कोणीतरी गाडी घेऊन आणावं. फोनवर पाच ठिकाणांहून पाच उत्तरं घेऊ नयेत.
- नमाजसाठी जागा, रात्रीचं जेवण, घरी असलेली लहान मुलं, वृद्ध नानी-दादी यांची जबाबदारी एखाद्या खालाने, मामूने घ्यावी.
- आधार कार्ड, दाखल्यासाठी नावाचं अचूक स्पेलिंग, अपघात असेल तर पोलीस ठाण्याची कागदपत्रं यांच्यामागे एका धावपळ करणाऱ्या मुलाला लावा.
- “डॉक्टर अवयव चोरतात” असे मेसेज ग्रुपवर टाकू नका. रुग्णाचे फोटो तर अजिबात नकोत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं काम दफनविधीनंतर सुरू होतं. ज्या कुटुंबाने ‘हो’ म्हटलं, त्यांना “मय्यत कापू दिली” असे टोमणे ऐकावे लागू नयेत. ज्या कुटुंबाने ‘नाही’ म्हटलं, त्यांना “चार लोक वाचले असते” असं कोणी ऐकवू नये. दोघांनीही आयुष्यातल्या सगळ्यात काळ्या रात्री, आपल्या समजुतीप्रमाणे, अल्लाहला स्मरून निर्णय घेतलेला असतो. चाळिसाव्यानंतर येणंजाणं बंद होतं, तेव्हा त्या घरी जा. मुलांची फी, विम्याचा क्लेम, पत्नीचं बँकेचं काम यात हात द्या. रडायला बसलेल्या आईजवळ काही न बोलता बसा.

आज संध्याकाळचं काम

ज्यांचा निर्णय झाला आहे, ते केंद्र सरकारच्या ‘नोटो’ या संस्थेच्या संकेतस्थळावर आधार क्रमांकाच्या आधारे दाता म्हणून नोंदणी करू शकतात. माहितीसाठी १८००-११-४७७० हा मोफत क्रमांक आहे. पण कार्ड खिशात असलं तरी प्रत्यक्षात घरच्यांच्या संमतीशिवाय पुढे जात नाहीत. म्हणून कार्डापेक्षा घरात बोलणं जास्त महत्त्वाचं.

आपल्याकडे मौतचा विषय काढला की “अशुभ बोलू नको” म्हणत नाहीत, उलट मौतची आठवण ठेवायला सांगितलेलं आहे. कब्रस्तानात जाताना आपण ती ठेवतो, दस्तरखानवर मात्र टाळतो. आज संध्याकाळी जेवण झाल्यावर घरच्यांना विचारा, “माझ्यावर अशी वेळ आली तर तुम्ही काय कराल? मला काय हवं आहे ते सांगू का?” उत्तर ‘हो’ असेल, ‘नाही’ असेल किंवा ‘मौलाना साहेबांना विचारून सांगतो’ असं असेल. जे असेल ते घरच्यांच्या कानावर घाला.

म्हणजे उद्या, खुदा न करो, आयसीयूबाहेरच्या त्या बाकड्यावर बसायची वेळ आलीच, तर तुमच्या अम्मीला अंदाज बांधत बसावं लागणार नाही. तिला एवढंच आठवेल की माझ्या मुलाने मला काय सांगितलं होतं.